ओळखीची खूण

१९७४ सालची गोष्ट. आष्ट्याच्या कृष्णातला विलायतेचं नागरिकत्व मिळालं आणि त्यानं बायकोला, पद्माला, कायमचं तिकडं बोलावण्यासाठी अर्ज केला. मुंबईच्या विलायती कचेरीत, गोऱ्या साहेबापुढं तिची मुलाखत ठरली. लग्नाचं नातं खरं आहे की कागदापुरतं, हे तिथं तपासत.

"मला न्हाई जायाचं, आबा. तुमास्नी सगळं ठावं हाय," ती एसटीत वडिलांना म्हणाली.

"असं बोलू न्हाई, पोरी. परक्या मुलखात माणूस नरम हुतो," नाथाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पद्मानं तेव्हाच ठरवलं, आता गोऱ्या साहेबालाच सांगायचं. तो तरी अडवील.

साहेबानं दुभाषी बाईंमार्फत विचारलं, "नवऱ्याच्या अंगावर एखादी खूण आहे?"

"डाव्या मनगटावर दातांचे वण हायती."

"कुणाच्या दातांचे?"

"माज्या. दोन्ही हातांनी माजा गळा आवळला हुता, तवा चावा घेतला. तरी सोडंनात. शेजारनीनं दार वाजवलं, म्हणून जीव वाचला."

दुभाषी बाईंचा आवाज अडखळला, पण त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं कृष्णातचा अर्ज उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. बाईंनी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं, पण पद्माकडं बघितलं नाही.



"खूण जुळली. तुम्हीच त्यांची खरी बायको. आता खुशाल जा."