आनंदमेळ्यातली साबुदाण्याची खिचडी

सात वाजून गेले तरी ऋताच्या टेबलावरचं पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं.

डावीकडच्या स्टॉलवर मटण संपत आलं होतं, उजवीकडे फिश फ्रायला रांग लागली होती. पंचमीची संध्याकाळ, सोसायटीच्या दुर्गापूजेचा आनंदमेळा. बायकांनी घरून रांधून आणायचं आणि शेजाऱ्यांनी ते विकत घेऊन खायचं, अशी इथली रीत. आणि ऋताने आणली काय, तर साबुदाण्याची खिचडी! नवरात्र म्हणजे उपास, हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की पूजेच्या दिवसांत कोलकात्यात कुणी उपाशी राहत नाही, उलट चापून खातात, हे तीन वर्षं इथे काढूनही तिला टेबल मांडल्यावर आठवलं.

"साबू?" पलीकडच्या ब्लॉकमधल्या एक बाई पाटीकडे बघून कळवळल्या. "घरात कुणी आजारी आहे का?"

इकडे साबू शिजतो तो आजाऱ्यासाठी, पेजेसारखा. बाई प्रकृतीची काळजी घ्यायला सांगून मटणाकडे गेल्या.

पाटीवर खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सगळे पैसे झरनाच्या गाडीसाठी'. झरना ऋताकडे स्वयंपाकाला यायची, रोज लोकलने बजबजहून. नवऱ्याची ज्यूट मिल बंद पडलेली. स्टेशनबाहेर खाण्याची गाडी टाकायची तर पंधरा हजार कमी पडत होते. ते जमले नाहीत तर पूजा संपताच ती दिल्लीला एका घरी राहून काम करायला जाणार होती, आणि आठ वर्षांची मुलगी मागे आजीकडे राहणार होती.

डब्यात जमले होते तीनशे वीस. त्यातले दोनशे चाळीस ऋताच्या नवऱ्याचे. जयप्रकाश बिचारा कोपऱ्यात उभा राहून तिसरी बशी संपवत होता.

"राहू द्या, बौदी," टेबलामागे तिच्या शेजारी उभी असलेली झरना म्हणाली. वहिनीला इकडे बौदी म्हणतात. "मी दिल्लीला हो सांगून टाकते."

ती पातेल्यावर झाकण ठेवू लागली. ऋताला स्वतःचा भयंकर राग आला. चार कटलेट तळून आणली असती तर काय बिघडलं असतं!

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सेन मासिमांची व्हीलचेअर ढकलत त्यांची सून आली. मासिमा म्हणजे मावशी, सगळ्या सोसायटीच्याच; वय ऐंशीच्या पुढे. दोन महिन्यांच्या आजारपणाने त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. मेळाभर फिरून त्यांनी सगळीकडे नाक मुरडलं होतं.

"मऊ आहे, मासिमा. तिखटही नाही," झरनाने झाकण बाजूला सारून एक डाव बशीत वाढला.

मासिमांनी एक घास घेतला. मग दुसरा. सून बघतच राहिली. बशी रिकामी झाली, आणि मासिमांनी ती पुन्हा पुढे केली.

"दोन महिन्यांत पहिल्यांदा मागून खातायत हो," सुनेचे डोळे भरून आले. "ऋता, कशी केलीस गं ही?"

"मी कुठली? झरनाने केली. माझ्या हातून नुसता चिकट गोळा होतो."

मासिमांनी झरनाला नीट न्याहाळलं. "उद्या दुपारी डबा देशील? परवा असंच मऊ दुसरं काहीतरी कर." मग आवाज चढवून त्यांनी मंडपाजवळच्या खुर्च्यांवर बसलेल्या मैत्रिणींना हाक मारली. कुणाची मुलं बंगलोरला, कुणाची अमेरिकेत. कुणाला कवळी, कुणाला पथ्य. फिश फ्रायची रांग यांच्यापैकी कुणाच्याच कामाची नव्हती.

तासाभरात पातेल्याचा तळ दिसला. ऋताच्या मोबाइलमध्ये सात फ्लॅटचे नंबर लिहिलेले होते. दुपारचा डबा, पूजा संपल्यावरही रोज.

डब्यातली रक्कम मात्र कशीबशी दोन हजारांपर्यंत गेली. गाडी होती तिथेच राहिली.

"झरना, दिल्लीच्या बाईंना काय कळवायचं मग?" ऋताने भीत भीत विचारलं.

झरनाचं लक्षच नव्हतं. ती बोटांवर घरं मोजत होती.

"बौदी," ती म्हणाली, "सात जणींसाठी रात्री साबू किती भिजवायचा?"