सेहेचाळीस अंशांची साक्ष

जिजाबाई आत्राम यांची साक्ष टिकणार नाही, हे डॉ. वैजयंती पोहनकरांना कामगार न्यायालयात पाऊल टाकतानाच माहीत होतं. कारखान्यातल्या अपघाताच्या दिवशी चंद्रपुरात सेहेचाळीस अंश तापमान होतं, आणि पंचेचाळिसांवरच्या दिवसाची आठवण पुरावा धरायची नाही, असा आता कायदाच होता. त्याला आधार होता वैजयंतींनीच इवल्या कृमींवर केलेल्या प्रयोगाचा.

"उष्णतेनंतर तुमचे कृमी काय विसरले?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"शिकवलेला वास. त्यांच्या मज्जापेशींच्या जोडांवरचे संदेश टिपणारे रेणू कमी झाले होते. पण माणसाचं..."

"तेवढं पुरे."

"पुरे नाही," त्या चिडून म्हणाल्या. मिलिमीटरभर किड्यावरून माणसांचा कायदा करू नका, हे त्या बारा वर्षं सांगत होत्या. कुणी ऐकलं नव्हतं.

जिजाबाई उठल्या. भट्टीचं दार आधीपासूनच मोडकं होतं आणि त्यापायीच नवरा गेला, हे तीनदा सांगून त्या थकल्या होत्या. "मॅडम, तुमच्या किड्यांपैकी कुणाचं माणूस त्याच्या डोळ्यांदेखत मेलं होतं का?"

"नाही. ते मी कधी तपासलंच नाही," वैजयंती म्हणाल्या. "साहेब, हे लिहून घ्या."

प्रश्न विषयाला सोडून आहे, असं म्हणत न्यायाधीशांनी साक्ष फेटाळली. कारकुनानं वैजयंतींची जबानी सहीसाठी पुढे केली. त्यात 'ते मी कधी तपासलंच नाही' हे वाक्य नव्हतं.

"ते वाक्य येईपर्यंत सही होणार नाही," त्या म्हणाल्या, आणि जिजाबाईंशेजारी जाऊन बसल्या.