एकच हेल्मेट

दगडाच्या खदानीतला कडा तडकला, तसे पुंजाराम अन् त्याचे अकरा सोबती कामाला हात लावेनात. हेल्मेट मिळाल्याशिवाय कुणीच कड्याखाली उतरायचं नाही, असं ठरलं. चार दिवस मुकादमाचं काही चाललं नाही.

रविवारी भोकरदनकडच्या त्या उजाड डोंगरात, खडीच्या वाटांवर सायकली चालवायला शहरातली मंडळी आली. पुंजारामचं गाऱ्हाणं ऐकून त्यातल्या एका बाईनं डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याला दिलं.

“घ्या काका, माझ्याकडे घरी दुसरं आहे.”

त्यानं ते घातलं तसे सोबती हसले. “नवरदेव दिसून राह्यला की रे तू!”

सायकली वळणाआड गेल्या.




मुकादम उठला. “पुंजाराम, तुझं तर आलं. चल, उतर खाली जल्दी.”