भिंतीवरचे हत्ती

घरमालकांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "रंग द्यायचा राहिलाय हं. तुमच्या लेकीचे हत्ती अजून आहेत भिंतीवर."

"राहू द्या. पुसू नका."

मोठ्या शहरातली नोकरी आणि तिथलं भाड्याचं घर सोडून ती कालच परतली होती. वेगळं होताना लेक बाबाकडे राहिली होती. तिची शाळा, मैत्रिणी, सगळं इथलंच. आईकडे फक्त सुट्टीत.

आणि महिन्यापूर्वी बाबाने परस्पर गाव सोडायचं ठरवलं. हे तिला कळलं तेही शाळेतून.

"दाखला नेला की त्यांनी! तुम्हाला माहीत नाही?"

तिने लेकीला फोन केला तर ती खुदखुदली. "कुठे जाणार ते नाही सांगणार. बाबाने शपथ घातलीय!"

तिने लगेच आपल्या वकीलबाईंना गाठलं. वकीलबाई मात्र खूश झाल्या. "पोरीला उपटून नेतोय तो, हाच आपला मुद्दा. तू जुन्या घरात येऊन राहा, जुन्या शाळेत जागा धर. ताबा आपल्यालाच मिळेल. फक्त त्याला यातलं काही कळवू नकोस. तुमचं बोलणं म्हणजे भांडण."

ते खरंच होतं. भांडणात दोघंही एकमेकांना हार जाणारे नव्हते.

ती भिंतीपाशी बसली. लेक तेलखडू घेऊन हत्ती काढायची, ही ओरडायची, आणि तो म्हणायचा, "रविवारी पुसतो." कितीतरी रविवार गेले. सगळ्यात मोठ्या हत्तीची सोंड तर त्यानेच काढली होती, चोरून. तिला हसू आलं. मग हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

फोन वाजला. वकीलबाई होत्या.

"त्यांच्या वकिलांशी बोलले. नवा पत्ता मिळाला."

"किती लांब नेलंय माझ्या पोरीला?"



"तिकडचं घर तू सोडलंस ना? परत नाही मिळायचं?"

"नाही. दुसरे लोक येतायत तिथे. नोकरीचाही राजीनामा दिलाय. का?"

"पोरीला रोज आई भेटावी म्हणून बदली मागून घेतली म्हणे त्याने. तिकडे तुझ्या घरासमोरचाच फ्लॅट घेतलाय," वकीलबाईंचा आवाज खाली आला. "पोरगी सकाळपासून तुझी बेल वाजवतेय."