तिवसाचा दस्ता

"बंदुकीचा दस्ता वाळवीनं खाल्ला," ठाण्याचे जमादार पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी पोतं उलटं केलं. आतून बंदुकीची नळी पडली, घोडा पडला आणि मागून पसाभर भुसा.

हरिसिंगानं भुशाकडे पाहिलं. भुसा त्याच्या आज्याच्या बंदुकीचा होता. आज्यानं बैलांवरून इंग्रजांच्या पलटणीला धान्य पोचवलं होतं. पलटण निघून गेली, बंदूक मागे राहिली. पुढे कित्येक वर्षं ती तांड्यावरच्या घरात छपराला खोचलेली होती. तिनं कधी एक तितरही मारलं नाही. एकोणीसशे सत्तावन साली ती पोलिसांना सापडली. परवाना नव्हता. हरिसिंगावर खटला उभा राहिला आणि मग तो उभाच राहिला.

चार वर्षं हरिसिंग तारखांना येत होता. तांड्यावरून बोरी अरबपर्यंत पायी, पुढे मोटारीनं. कधी साहेबांची बदली झालेली असायची, कधी पंच लग्नाला गेलेला, कधी त्याच्याच वकिलाची दाढ सुजलेली. आता तो थकला होता. "सजा लागली त लागली," तो बायकोला, बसंतीबाईला म्हणायचा. "पण तारीख नको."

"आठ दिवसांनी तारीख आहे," जमादार म्हणाले. "मुद्देमाल पुरा नसला त खटला अजून चार वर्षं लटकते. पुरा असला त त्याच दिवशी निकाल. तू गाड्याइचं लाकूडकाम करतं ना?"

"करतो."

"मंग दस्ता बनव."

"माह्याच खटल्यातला?"

"दुसऱ्याच्या खटल्यातला कायले बनवशीन?"

हरिसिंगाला यात काही खोट सापडली नाही.

जमादारांनी पंचनामा वाचून दाखवला. दस्ता लाकडी, डाव्या अंगाला वीतभर तडा, तड्यावर तार गुंडाळलेली. "तडा पण पाह्यजे," ते म्हणाले. "तार मी देतो."

मुद्देमाल ठाण्याबाहेर नेता येत नव्हता. म्हणून बिनपरवाना बंदूक बाळगल्याचा आरोपी ठाण्याच्या ओसरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसला. पहिल्या दिवशी एका शिपायानं त्याच्यावर पहारा दिला. दुसऱ्या दिवशी तो शिपाई हरिसिंगाला "जरा ठाण्याकडे ध्यान ठेवजो" म्हणून चहाला गेला.

हरिसिंगानं स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवलेला तिवसाच्या लाकडाचा तुकडा आणला होता. तिवस चिवट. वाकसानं तासताना खांदे भरून यायचे. नळीला काजळी लावायची, लाकडात दाबायची, जिथं काळं उमटेल तिथं पटाशीनं केसभर काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. असं शंभर वेळा. सहाव्या दिवशी नळी लाकडात अशी बसली की मधून कागद जाईना. मग कानस, मग फुटक्या काचेनं खरवडणं, मग जवसाचं तेल.

बसंतीबाई भाकर घेऊन आली. तिनं दस्त्यावरून हात फिरवला.

"घरी वखराची मूठ चार महिन्यांपासून हालून राह्यली," ती म्हणाली. "आन् इथं पोलिसाची बंदूक लोण्यावानी करून राह्यले तुमी."

हरिसिंग दस्ता उन्हाकडे धरून पाहत होता.

तडा तेवढा राहिला होता. सातव्या दिवशी त्यानं डाव्या अंगाला पटाशी टेकवली आणि हातोडी उचलली. हातोडी खाली ठेवली. पाणी पिऊन आला. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"झाला का दस्ता?" तारखेच्या सकाळी जमादारांनी घाईघाईत विचारलं.

"झाला."

जमादारांनी बंदूक न पाहताच फडक्यात गुंडाळली. तार हरिसिंगाच्या खिशातच राहिली.

कोर्टात हरिसिंगाचे वकील सदाशिवराव नेहमीप्रमाणे पुढची तारीख मागायच्या तयारीनं आले होते. फडकं सुटलं तसे ते उभे राहिले. त्यांनी पंचनामा पाहिला, बंदूक पाहिली, पुन्हा पंचनामा पाहिला.

"साहेब," ते म्हणाले, "तडा कुठाय?"

न्यायाधीशांनी बंदूक हातात घेतली. डावं अंग पाहिलं, उजवं पाहिलं. जमादार छताकडे पाहू लागले.

"पंचनाम्यातली बंदूक ही नव्हे," न्यायाधीश म्हणाले. "पुरावाच जुळत नाही. आरोपीला सोडून देण्यावाचून मला दुसरं काही दिसत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सदाशिवरावांनी मागे वळून हरिसिंगाला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. सांगायची गरज नव्हती. चार वर्षं हरिसिंगानं गप्प राहण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता एक सही झाली की कोर्ट संपलं, पायपीट संपली.

न्यायाधीशांचा अंगठा मात्र अजून दस्त्यावरून फिरत होता.

"विलायतेतल्या कारखान्याचा असणार," ते सहज म्हणाले. "असं काम आपल्याकडे होत नाही."

"होते, साहेब," हरिसिंग म्हणाला. "तिवस आहे. म्या केला."

सदाशिवराव खाली बसले. पेन थांबलं. न्यायाधीशांनी त्याला तीनदा विचारलं, विचार करून बोल म्हणून बजावलं. हरिसिंगानं तीनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तर काजळी कशी लावायची तेही सांगितलं. जमादारांनी डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलं. मुद्देमाल कोणी बदलला, कोणाच्या हुकमानं बदलला, याची सगळी चौकशी आता होणार होती. पुढची तारीख पडली. एक महिन्यानं.

हरिसिंगानं हात जोडले.

"त्याच्या आंधीची नाही का भेटत, साहेब?" तो म्हणाला. "दस्त्याच्या मांगच्या टोकाले अजून थोडी कानस मारायची राह्यली."