हुबे आणि हूब

बाईंनी पहिली ओळ वाचूनच लाल काट मारली, शून्य लिहिलं, आणि मग पुढची ओळ वाचली. हातातलं पेन तसंच राहिलं.

प्रश्न साधा होता. 'हुबेहूब' या शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती लिहा, गुण दोन. बाहेरगावच्या शाळांतल्या सातवीच्या साठ पोरांनी पुस्तकातलंच उत्तर घोकून उतरवलं होतं. मूळ शब्द 'हू-ब-हू', 'हू' म्हणजे 'तो'. तो म्हणजे तोच, तसूभरही फरक नाही. बाई सकाळपासून यंत्रासारख्या दोन-दोन गुण देत सुटल्या होत्या. त्यांचं लक्ष पर्समधल्या अर्जाकडे होतं. सतरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून घराबाहेर पडलेला मुलगा आता मृत समजावा, असा तो अर्ज. पाच वाजता वकिलाकडे जाऊन सही करायची होती. नवऱ्यानं कालच केली होती. "किती वर्षं दाराकडे डोळे लावून बसायचं?" एवढंच तो म्हणाला होता.

'हुबे नावाचे एक मास्तर होते,' समोरच्या उत्तरपत्रिकेत गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. 'त्यांना जुळे मुलगे झाले. मास्तर पक्के आळशी. थोरल्याला स्वतःचंच नाव दिलं, हुबे. धाकट्यासाठी त्यातलंच थोडं वापरलं, हूब. दोघं इतके सारखे की आईसुद्धा फसायची. पण हूबला शिंका यायच्या त्या एकदम तीन. मग कळायचं.'

ही थाप कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती बाईंनी स्वतः मारली होती, गालगुंड झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ओट्यावर बसवून कडू औषध पाजताना. तीन शिंका त्याच्याच होत्या. वर्गात त्यांनी ती कधी सांगितली नाही, सांगितली असती तर सगळ्या शाळेत हसं झालं असतं. मुलाला खरी व्युत्पत्ती पुढे कधीतरी सांगू असं मनाशी म्हणाल्या होत्या, ते राहूनच गेलं.

उत्तराखाली कंसात आणखी दोन ओळी होत्या. 'पुस्तकात वेगळं दिलंय. पण हे बाबांना त्यांच्या आईनं सांगितलंय. ती मराठीची बाई आहे, तिचं चुकणार नाही, असं बाबा म्हणतात.'

बाईंनी कंसातल्या ओळी पुन्हा वाचल्या. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे त्यांना ऐकू आलं.

"काय हो बाई, एक शून्य द्यायला एवढा वेळ? ओळखीचं कुणी निघालं की काय?"

उत्तरपत्रिकेवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"तो आहे," त्या म्हणाल्या.

"तो? तो कोण?"

"तोच."