सैल हात

"पोटॅशियम साडेसहा आलंय. अशाने हृदय बंद पडू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आजी खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. आजोबा मात्र खाटेवर बसून चहाची चौकशी करत होते. ईसीजी अगदी ठीक आला तेव्हा बाईंनी विचारलं, "सकाळी रक्त देताना मूठ आवळत होतात का?" "आवळत? शीर दिसावी म्हणून सारखी उघडमीट चालली होती. मदत करण्याची हौस दांडगी!" आजी म्हणाल्या. "त्यानेही आकडा खोटाच वाढतो. पुन्हा तपासू; हात सैल ठेवा." पण सुई दिसताच आजोबांची मूठ वळलीच. चारचौघांत आजींनी ती उघडून आपला हात आत ठेवला. "अहो, दाबलात तर बघा!" रक्त तपासायला गेलं. आजींची नजर दारावरून हलेना. अखेर बाई हसत आल्या: "साडेचार. घरी जा." "अगं, आता तरी सोड," आजोबा कण्हले, "बोटं मोडशील."